डब्याची गरम बाजू

हिशेबनीस तिच्या बाळाचं दूध चहात घालून प्याला, आणि फ्रिजला हात लावायची बंदी मात्र तिच्यावर आली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

झालं असं, की त्या दुपारी ऑफिसच्या चहाघरात दुधाची पिशवी संपली होती. हिशेबनीसाने फ्रिज उघडला, तर वरच्या कप्प्यात अगदी मागे एक छोटी बाटली. झाकणावर चिकटपट्टी, पट्टीवर ‘कृपया घेऊ नये’. असं लिहिलेलं दिसलं की त्याचा हात जास्तच शिवशिवायचा. कुणीतरी महागाचं दूध स्वतःपुरतं लपवलंय, असं गृहीत धरून त्याने बाटली पातेल्यात रिकामी केली, आणि वर पहिल्या घोटाला नाक मुरडलं, "पातळ आहे हो. हल्ली सगळीकडे भेसळ."

ती तेव्हा शीतगृहाच्या चेंबरांच्या फेरीवर होती. परत येऊन तिने बाटली शोधली, विचारलं, आणि मग जो काही गोंधळ उडाला! हिशेबनीस बेसिनकडे धावला. ज्यांनी तो चहा घेतला होता ते कप हातात धरून एकमेकांकडे बघत राहिले, ज्यांनी घेतला नव्हता ते पोट धरून हसले. बाळ आता काय पिणार, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

ऑफिस सुटायच्या सुमाराला मॅनेजरने तिला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, तुमची अडचण मला कळते. मलाही मुलं आहेत. पण फ्रिज सगळ्यांचा आहे, लोकांना कसंतरी होतं. असल्या गोष्टींचं तुम्ही बाहेर काहीतरी बघा."

"असल्या म्हणजे?"

"म्हणजे... शरीराच्या."

गाईला शरीर नसतं का, असं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण तिने ते गिळलं. गिळायची तिला सवय होती. बोलण्यापेक्षा काळजी करणं तिला जास्त जमायचं. झोपलेल्या बाळाच्या नाकाशी बोट धरून श्वास बघणं, उकळलेल्या बाटल्या पुन्हा उकळणं, दाराला कडी लावली ना म्हणून अर्ध्या वाटेवरून परत येणं, हे तिचं रोजचं होतं. एका अर्थाने तिला पगारही काळजीचाच मिळायचा. शहराबाहेरच्या त्या मोठ्या शीतगृहात सफरचंदांची आणि नासपतीची खोकी महिनोन्महिने निजवून ठेवलेली असत, आणि कुठल्या चेंबरचा पारा किती चढला, कुठे दव साचलं, कुठल्या दाराचं रबर सैल झालं, यावर नजर ठेवायला तिला नेमलं होतं. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकली होती, त्याचा एवढा तरी उपयोग, असं सासूबाई म्हणायच्या.

बाळाचं नाव काही का असेना, घरात सगळे त्याला भोपळा म्हणायचे. भोपळा गोल होता, गोड होता, आणि डब्यातल्या दुधाच्या बाबतीत भलताच खडूस होता. एकदा पावडरचं दूध पाजलं तर अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, दवाखान्यात पळावं लागलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की वरचं दूध इतक्यात अजिबात नको, आईचंच द्या. तेव्हापासून व्यवस्था ठरली होती. ती कामावर असताना स्टोअररूममध्ये दार लावून दूध काढायची, ते घरी न्यायची, आणि दुसऱ्या दिवशी ती कामावर असताना सासूबाई ते त्याला पाजायच्या. आजचं दूध उद्याचं जेवण. आजचं नासलं, की उद्या भोपळा उपाशी.

आणि नोकरी सोडायची सोय नव्हती. नवरा टॅक्सी चालवायचा. टॅक्सीचं चाक कधी फिरतं, कधी रुसतं. तिचा पगार मात्र कधी रुसत नव्हता.

आता कुणी म्हणेल, एवढी मोठी थंड इमारत, तिथे एका बाटलीला जागा नाही? नव्हती. चेंबरमध्ये गिऱ्हाइकाच्या मालाशिवाय काही ठेवायचं नाही हा नियम होता, आणि तो पाळायला लावायचं काम तिचंच होतं. कामगारांच्या पाण्याच्या बाटल्या, जेवणाचे डबे तिने स्वतःच्या हाताने चेंबरबाहेर काढले होते. आज आपलीच बाटली आत सरकवायची, तर उद्या कुठल्या तोंडाने बोलायचं? बर्फाचं म्हणाल, तर घरचा फ्रिज म्हातारा. पाणी कसंबसं गार करायचा, बर्फ म्हटलं की हात वर करायचा. बाजारातला बर्फ सुरुवातीला नेऊन पाहिला होता, तर पिशवीत दुपारीच त्याचं कोमट पाणी झालेलं.

मग तिला मडकं आठवलं.

मडक्याचं गणित साधं आहे. ओल्या अंगावर वारा लागला की हुडहुडी भरते, तसंच. पाणी वाफ होऊन उडून जाताना रिकाम्या हाताने जात नाही, बरोबर उष्णता घेऊन जातं. मोठ्या मडक्यात छोटं मडकं, मधल्या फटीत ओली वाळू, वर ओलं फडकं. वीज नको, गॅस नको, कुणाची परवानगी नको. फ्रिजइतकं गार होणार नव्हतंच, पण संध्याकाळपर्यंत दूध टिकलं असतं. नशिबाने दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. तिने घरी गॅलरीत करून पाहिलं, थर्मामीटर लावून. आतलं मडकं छान गारेगार.

सुट्टी संपल्यावर तिने दोन्ही मडकी पिशवीत घालून नेली आणि डॉकवर, म्हणजे चेंबरांसमोरच्या लांबलचक ओट्यावर, रिकाम्या क्रेटच्या थप्पीमागे लपवली. जागा तिने फार विचार करून निवडली होती. सावली, ओलावा, चेंबरची दारं उघडली की लोळणारं धुकं. गार वस्तू गार जागी ठेवावी, हे शीतगृहात काम करणाऱ्याच्या हाडात भिनलेलं असतं.

संध्याकाळी घरी सासूबाईंनी बाटली उघडली, हुंगली, आणि तिच्या नाकाखाली धरली.

आंबूस.

"आई, असं कसं होईल? काल तर..."

"मला काय विचारतेस? मी कुठे कॉलेजात गेले होते?"

ती तिथेच भांड्यांच्या ओट्याला टेकून उभी राहिली, आणि उभ्या उभ्याच तिला उमगलं. डॉकवरची हवा आधीच पाण्याने गच्च भरलेली. जिला स्वतःचंच पाणी जड झालंय ती मडक्याचं पाणी कुठून घेणार? वाळवणाच्या दोरीवर धुकं पडल्यासारखं झालं होतं. वारा नाही, कोरडेपणा नाही, वर क्रेटची भिंत. मडकं दिवसभर नुसतं ओलं बसून राहिलं. घरच्या गॅलरीतल्या कोरड्या उन्हावाऱ्यात ते गार झालं होतं, आणि शीतगृहात, थंडीच्या माहेरघरात, कोमट! परीक्षेत हा प्रश्न आला असता तर पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते. प्रश्न स्वतःवर आला आणि ती नापास झाली.

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली. भोपळा छातीशी चिकटून मजेत होता. तिच्या जिवाला घोर होता. मॅनेजरचा फोन आला, "मॅडम, असं सारखं चालणार नाही हं." सारखं म्हणजे हीच पहिली रजा होती.

"सोड ती नोकरी," सासूबाई म्हणाल्या. "दगडावर डोकं किती आपटायचं?"

"आणि मग खायचं काय?"

"खाऊ एक घास कमी. आम्ही नाही का काढली मुलं?"

"तुम्ही घरी होतात, आई."

"होते. आणि मला कुणी विचारलं होतं का, घरी राहायचंय की बाहेर पडायचंय?" एवढं बोलून त्या धुणं वाळत घालायला निघून गेल्या.

संध्याकाळी नवरा एक निळा डबा घेऊन आला. त्याचा एक मित्र लांबच्या भाड्यांना जाताना गाडीत तो वापरायचा.

"हा बघ. आत ना गॅस, ना कॉम्प्रेसर. भिंतीतल्या सॉकेटसाठी अडॅप्टरही आणलाय. मित्र म्हणतो, यात शीतपेयं अशी गार होतात की दात शिवशिवतात."

"मित्राच्या दातांवर विश्वास ठेवू?"

"मग थर्मामीटर लाव बाई, तुझं तेच लाडकं बाळ आहे."

तिने लावला. डब्याचं मर्म तिला पुस्तकातून ठाऊक होतं, हातात मात्र पहिल्यांदाच येत होतं. झाकणात एक चपटी टिकली, बिस्किटाएवढी. तिच्यातून वीज वाहिली की टिकलीची एक बाजू गार पडते, दुसरी तापते. आतली गार बाजू डबा थंड करते, बाहेरची गरम बाजू एक छोटा पंखा फुंकून निववतो. बस्स. फार जोर नाही त्यात. भोवतालच्या हवेपेक्षा पंधरा-अठरा अंश खाली नेतो, त्याहून जास्त मागितलं तर ऐकत नाही. पण ऑफिसात एसी होता. चोविसातून सोळा-सतरा गेले की दुधाला काय हवंय आणखी?

डबा तिने ऑफिसात आणला तो चादरीच्या पिशवीतून, आणि ठेवला आपल्या मागच्या लोखंडी कपाटात, खालच्या खणात. वायर फटीतून बाहेर काढून सॉकेटला लावली. दार बंद. कुणाला दिसायला नको, कुणाला कसंतरी व्हायला नको. दिवसभर कपाटाच्या पोटातून पंख्याची बारीक गुणगुण येत होती, आणि तिला वाटत होतं की ती सगळ्यांना ऐकू जातेय. हिशेबनीसाने एकदा मान वर करून विचारलंही, "भुंगा शिरलाय का कुठे?" ती म्हणाली, "असेल."

दुपारी दुसरी बाटली ठेवायला तिने कपाट उघडलं, तर आतून भट्टीसारखी झळ आली. डब्याचं झाकण चटका बसेल इतकं तापलेलं. आतला थर्मामीटर बाहेरच्या खोलीपेक्षा वर.

तिने डबा उचलला आणि सरळ मशिनरूम गाठली. तिथे मशिनवाले काका होते. शीतगृहाचे मोठमोठे कॉम्प्रेसर त्यांच्या ताब्यात होते, आणि ते त्यांच्याबद्दल सासऱ्याने जावयांबद्दल बोलावं तसं बोलायचे, कौतुकही आणि तक्रारही. काकांनी झाकणाला हात लावला आणि झटकला.

"ताई, ही तर शेगडी आहे! कुणी विकली तुम्हाला गार म्हणून?"

"विकली नाही. मीच शेगडी केली तिची. कपाटात कोंडली."

"त्यापेक्षा माझं ऐका." काकांनी एका जाड पाइपाकडे बोट दाखवलं. त्यावर पांढराशुभ्र हिमाचा थर चढला होता. "चेंबर गार करणारा अमोनिया वायू इथून परत येतो. बाटली बांधून टाकू पाइपाला. असा गारवा की नाव काढाल."

"काच फुटेल, काका. दूध गोठून फुगेल."

"माझ्या पाइपाने आजवर कुणाची काच फोडली नाही!"

"तुमच्या पाइपाला आजवर कुणी बाटली बांधली नाही."

काका इरेला पेटले. त्यांनी स्वतःची पाण्याची काचेची बाटली दोरीने पाइपाला बांधली आणि हाताची घडी घालून बसले. वाट बघताना गप्पा निघाल्या. तरुणपणी ते एका दूरच्या खाणीवर होते, तिथे वीज नव्हती, पण फ्रिज होता, आणि तो आगीवर चालायचा.

"खाली ज्योत, वर बर्फ! नवी माणसं ज्योत बघून फ्रिजच्या पाया पडायची."

"ज्योत अमोनियाला पाण्यातून उकळून वेगळं काढते," ती म्हणाली. "मग तो मागच्या नळ्यांमध्ये निवतो, द्रव होतो, आत जाऊन पुन्हा उडतो आणि उडताना आतली उष्णता घेतो. तुमचा कॉम्प्रेसर ढकलून जे करतो, तेच ती आग करते."

"ते पुस्तकातलं असेल. मला एवढं आठवतं की नाजूक होता लेकाचा. नव्या मुकादमाने एकदा जागा वाचवायला म्हणून भिंतीला चिकटवला, तर तीन दिवस रुसून..."

तेवढ्यात पाइपावर टक्कन आवाज झाला. काकांच्या बाटलीला वरून खालपर्यंत चीर गेली होती.

"काच हलकी होती," काका म्हणाले.

तिला हसूही येईना. ती खिडकीतून वर छपराकडे बघत होती. तिथे शीतगृहाचा कंडेन्सर, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकणारा नळ्यांचा सांगाडा, चोवीस तास पाण्याच्या फवाऱ्यात न्हात उभा असायचा, आणि त्याच्यातून निघणारी गरम, दमट हवा अख्ख्या अंगणात घोंघावत सुटायची. गाड्यांचे ड्रायव्हर शिव्या घालायचे, मालक म्हणायचा, घाला. सफरचंदांची सगळी उष्णता मालक दिवसाढवळ्या जगाच्या तोंडावर सोडत होता, आणि त्याला कुणी सांगितलं नव्हतं की तुमची ही असली गोष्ट कपाटात ठेवा. मडकं घ्या, टिकली घ्या, आग घ्या, हे कॉम्प्रेसर घ्या. थंडी कुणीच बनवत नाही. आतली उष्णता उचलायची आणि बाहेर टाकायची, एवढंच सगळे करतात. बाहेर टाकायला जागा दिली नाही, तर कितीही शहाणं यंत्र आतल्या आत तापतं.

दोन्ही वेळा वारा तिनेच अडवला होता. एकदा क्रेटने, एकदा दाराने.

त्या दिवशीचं दूध तिने डॉकच्या नळाखाली ओतून दिलं. ओतताना तिला नेहमीची भीती वाटली नाही, राग आला. 

घरी आल्यावर तिने सासूबाईंना सगळं सांगितलं, कपाटासकट. सासूबाई भोपळ्याला खांद्यावर घेऊन थोपटत होत्या.

"कपाटात?" त्या म्हणाल्या. "का गं? दूध चोरलंयस का कुणाचं?"

"तसं नाही, आई. लोकांना..."

"ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं! लोकांना कळलंय ना तुला मूल झालंय ते? पोट घेऊन आठव्या महिन्यापर्यंत त्यांच्यासमोरच हिंडत होतीस. तेव्हा नाही झालं कुणाला कसंतरी?"

"तुम्हीच म्हणत होता नोकरी सोड म्हणून."

"अजून म्हणते. पण सोडायची तर आपण होऊन सोडायची. कुणी हुसकलं म्हणून नव्हे." भोपळ्याने खांद्यावर ढेकर दिली. "बघ, यालाही पटलं."

दुसऱ्या दिवशीसाठी दूध नव्हतं. पहाटे भोपळ्याचं पोट भरल्यावरही तिने नेटाने जे निघेल ते काढलं. बाटलीच्या तळाशी जेमतेम दोन पाजण्यांपुरतं. सासूबाई म्हणाल्या, "दुपारपर्यंत रेटते. संध्याकाळी मात्र भरलेली बाटली घेऊन ये. रिकाम्या हाताने आलीस तर मी नाही, हा भांडेल."

ती डबा घेऊन निघाली. ऑफिसात शिरल्यावर तिने टेबलावरचे कागद एका बाजूला केले, डबा टेबलाच्या कडेला ठेवला, पंख्याची गरम बाजू मोकळ्या वाटेकडे वळवली, आणि सगळ्यांदेखत पिन सॉकेटमध्ये खुपसली. पंखा घूं करून सुरू झाला. हिशेबनीसाने मान वर केली.

"अरे, हा आपला भुंगा."

"हो. आणि तुमच्यासाठी सांगून ठेवते, यात माझ्या बाळाचं दूध असणार आहे. चहा प्यायचा असेल तर दुसरीकडचं बघा."

कुणीतरी फिसकन हसलं. हिशेबनीसाचे कान लाल झाले आणि तो हिशेबात तोंड घालून बसला.

पहिली बाटली तिने नळाच्या धारेखाली गार करून मगच आत ठेवली. अंगाच्या उबेचं दूध तसंच घातलं असतं तर बिचाऱ्या टिकलीची सगळी ताकद त्यातच गेली असती. काटा उतरायला लागला. बावीस. वीस. अठरा. ती कामही करत होती आणि काट्याकडेही बघत होती. 

मॅनेजर चेंबरची फेरी मारून आला तो वाटेतच थबकला. पंख्याची ऊब थेट त्याच्या पँटवर येत होती.

"हे काय आहे?"

"दूध थंड ठेवायचा डबा."

"मॅडम, आपलं बोलणं झालं होतं."

"फ्रिजबद्दल झालं होतं. फ्रिजला मी हात लावलेला नाही. तुम्ही म्हणालात, तुमचं बघा. हे मी बघितलंय."

"बाहेर बघा म्हटलं होतं. हे ऑफिसच्या मधोमध आहे! कपाटात वगैरे तरी ठेवा."

"कपाटात ते तापतं. उष्णता बाहेर टाकायला मोकळी हवा लागते त्याला. तुम्ही शीतगृह चालवता, तुम्हाला मी काय सांगणार?"

मागे कुणीतरी खोकलं. मॅनेजरने आवाज खाली आणला.

"ही ऑफिसची वीज आहे."

"सगळ्यांचे मोबाईल तिच्यावरच पोसले जातात. तुमचेही दोन."

मॅनेजर वाकला आणि त्याने पिन उपटली. पंखा गप्प झाला. ऑफिसही. ती उठली, टेबलाला वळसा घालून आली, पिन पुन्हा लावली आणि जागेवर जाऊन बसली. घूं.

"मॅडम!" त्याने पुन्हा उपटली.

तिने पुन्हा लावली. या वेळी ती जागेवर गेली नाही. सॉकेटला पाठ लावून उभी राहिली. 

"बोलवा त्या मशिनवाल्याला," मॅनेजर गरजला. "हे सॉकेटच बंद करून टाकू दे."

काका दाराशीच होते, बातमी मशिनरूमपर्यंत आधीच पोचली होती. त्यांनी खिशातला टेस्टर काढला, त्याच्याकडे बघितलं आणि परत खिशात ठेवला.

"साहेब, मी गार करायच्या खात्यातला माणूस. गार होत असलेलं बंद करायला मला शिकवलेलं नाही. तुम्ही विजेच्या कंत्राटदाराला बोलवा. येईल तो आठवड्यात कधीतरी."

"मी तुम्हाला नोटीस देऊ शकतो, मॅडम. कळतंय ना?"

"द्या," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला, तिच्या आवाजापेक्षा एक पट्टी वर. "लेखी द्या. त्यात कारण लिहा, की या बाईने बाळाचं दूध थंड ठेवलं. शरीराची गोष्ट असंही लिहा. मी ती नोटीस इथेच चिकटवीन, डब्याच्या झाकणावर. तिथे गरम असतं, पटकन चिकटेल. आणि चेंबर दोनच्या दाराचं रबर सुटलंय, आत दव धरतंय. ते मी सकाळीच कळवलंय. नोटीस लिहून झाली की ते बघा, नाहीतर नासपती काळी पडेल."

मॅनेजर काहीतरी बोलणार होता. मग बहुधा त्याच्या डोळ्यांसमोर काळी पडलेली नासपती आली. तो केबिनमध्ये गेला आणि त्याने दार आपटलं.

"सोळा," डब्यात डोकावून काका म्हणाले. "बरा आहे हो हा पोरगा. माझ्या पाइपाची सर नाही, पण बरा आहे."

"तुमच्या पाइपाचं नाव काढू नका," ती म्हणाली, आणि खुर्चीत बसून तिने चेंबरांची नोंदवही पुढे ओढली.

दुपारी, दुसरी बाटली आत गेल्यावर, फळं निवडणाऱ्या बायकांपैकी एक जण दाराशी येऊन उभी राहिली. या बायका ऑफिसात सहसा येत नसत. हातमोजे काढून तिने पदराला हात पुसले.

"मॅडम, खरं का, तुम्ही साहेबांच्या नाकावर टिच्चून..."

"डबा ठेवलाय. एवढंच."

"माझी मुलगी चार महिन्यांची आहे. मी दुपारी काढते आणि मोरीत ओतून देते. ठेवणार कुठे?" ती थांबली. हिशेबनीस ऐकतोय हे तिने पाहिलं, आणि तरी बोलली. "यात अजून एक बाटली मावेल का?"

भोपळ्याच्या आईच्या मनात आधी काळजीच उठली. दुसरी गरम बाटली, काटा वर चढणार, भोपळ्याचं दूध, संध्याकाळ. टिकलीची ताकद ती केवढी! तिने झाकण उघडून आत पाहिलं. जागा होती, पण बेताची.

"मावेल. पण आधी नळाखाली चांगली गार करून आण. घाई करू नकोस. कोमट आणलीस तर दोघींचंही जाईल. आणि झाकणावर खूण कर, अदलाबदल नको."

संध्याकाळी बसमध्ये डबा तिने मांडीवर घेतला होता. पंखा बंद, पण जाड भिंतीआड गारवा धरून होता. शेजारच्या आजींनी विचारलं, काय आहे गं यात? तिने सांगितलं, दूध आहे, माझं. आजींनी डब्यावर हात ठेवून पाहिला आणि म्हणाल्या, शहाणी आहेस.

घरी भोपळ्याचं रडणं जिन्यापर्यंत ऐकू येत होतं. त्याला आधी तिनेच जवळ घेतलं. सासूबाईंनी बाटली उघडली, हुंगली, थेंबभर मनगटावर घेऊन चाखली, आणि ती फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, सगळ्यांत पुढे ठेवली. मग दुसरी ठेवली. तोवर तिने दिवसभराचं सगळं सांगून टाकलं. उद्याचं जेवण झालं.

"नोटीस दिली का?"

"उद्या देईल म्हणतोय."

"मग? उद्या काय करणार आहेस?"

भोपळा घटाघटा पीत होता, एका हाताने तिच्या मंगळसूत्राशी झटापट चालली होती. तिने त्याची मूठ सोडवली.

"उद्या मोठा एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन जाणार आहे. खाली फळं निवडणाऱ्यांत अजून दोघीजणी आहेत म्हणे, आणि एकीचा भाऊ असलाच डबा आणून देतोय."